इंटरनेटची रचना नव्याने करायची झाली, तर सुरुवात मार्गांवरच्या विश्वासापासून करावी का?

तारांगण (मूळ लेख)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत मी जाळ्याची तांत्रिक देखभाल पाहतो. काही आठवड्यांपूर्वी एका सायंकाळी आमच्या ग्राहकांचे फोन सुरू झाले. कोणाचे व्हिडिओ व्यवस्थित चालत होते, पण बँकेचे संकेतस्थळ उघडत नव्हते. कोणाला पुण्यातील कार्यालयाशी जोडणी मिळत होती, पण परदेशातील सर्व्हर प्रतिसाद देत नव्हता. आमचे राउटर, फायबर, वीजपुरवठा सगळे ठीक होते. पावणेदोन तासांनी उलगडा झाला तो असा, की दुसऱ्या राज्यातील एका पुरवठादाराकडून पत्ते भरताना एक आकडा चुकला होता आणि आमच्या /२२ गटातील (सुमारे हजार पत्ते) एक /२४ तुकडा (सुमारे अडीचशे पत्ते) त्याने स्वतःच्या नावाने जगाला जाहीर केला होता. त्याच्या वरच्या पुरवठादाराने तो न तपासता पुढे पाठवला. तेवढ्यावर आमचे अडीचशे पत्ते जगाच्या मोठ्या भागासाठी त्या राज्यात 'राहायला गेले'.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. इंटरनेट हे सुमारे पाऊण लाख स्वतंत्र जाळ्यांचे जाळे आहे. 'अमुक पत्ते माझ्याकडे आहेत' किंवा 'माझ्यामार्फत पोहोचता येतील' असे यांतील प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते आणि शेजारी ते पुढे सांगतो. ही बोलण्याची पद्धत म्हणजे बीजीपी. १९८९ साली ऑस्टिन येथील एका बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर तिचा आराखडा मांडला, आणि तिची चौथी आवृत्ती आजही संपूर्ण जगाची वाहतूक ठरवते. सांगणारा खरे बोलतो आहे का, हे तपासण्याची कोणतीही सोय तिच्या मूळ रचनेत नाही. शिवाय दोन दावे आले, तर ज्या दाव्यातील गट लहान, म्हणजे अधिक नेमका, त्याच्याकडे पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) जाते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तेथील सरकारी जाळ्याने यूट्यूबच्या /२२ गटातील /२४ तुकडा देशांतर्गत जाहीर केला. तो हाँगकाँगच्या एका मोठ्या पुरवठादारामार्फत जगभर पसरला आणि सुमारे दोन तास जगाच्या बहुतेक भागांतून यूट्यूब नाहीसे झाले. भारतातही ६ नोव्हेंबर २०१५ रोजी एका मोठ्या जाळ्याने इतरांचे १६ हजारांहून अधिक गट स्वतःचे म्हणून जाहीर केले होते, आणि १६ एप्रिल २०२१ रोजी दुसऱ्या एका जाळ्याकडून ३० हजारांहून अधिक गटांच्या बाबतीत तेच घडले.

आमच्या गावातील घटनेपासून माझ्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला आहे. इंटरनेटची सुरक्षा मुळापासून नव्याने उभारण्याचे आराखडे गेल्या पंचवीस वर्षांत कमी झालेले नाहीत, आणि त्यांतील काही खरोखर उत्तम आहेत. ते रुजत का नाहीत? माझे मत असे झाले आहे, की या क्षेत्रात खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असतो. त्या पुरवठादाराच्या वरच्या जाळ्याने फिल्टर लावला असता, तर वाचलो असतो आम्ही. त्याला स्वतःला काहीच मिळाले नसते. म्हणून नव्या रचनेकडे पाहताना मी आता पहिला प्रश्न हा विचारतो, की ती स्वीकारणाऱ्या पहिल्या माणसाला, शेजाऱ्याने काहीही केले नाही तरी, दुसऱ्या दिवशी काय मिळते? जाणकारांनी आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही मांडावेत.

गोदातीर

लेख आवडला, पण आपली कसोटी मला अपुरी वाटते. बीजीपीमधील विश्वासाचा अभाव हे लक्षण आहे. दोष त्याहून खाली आहे.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ साली इंटरनेटच्या रचनेमागील उद्दिष्टे अग्रक्रमाने लिहून ठेवली आहेत. जाळ्याचा काही भाग नष्ट झाला तरी संवाद चालू राहावा, हे त्यांत सर्वांत वरचे उद्दिष्ट; साधनांचा वापर कोणी किती केला याचा हिशेब, म्हणजे उत्तरदायित्व, अगदी शेवटचे. शत्रू जाळ्याच्या आतच बसलेला असेल, ही कल्पना त्या यादीत स्वतंत्रपणे येतच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म हा स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्राम जाळ्यात पसरला आणि ती उणीव सर्वांच्या डोळ्यांसमोर आली, पण तोपर्यंत पाया ओतून झाला होता. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा जो पत्ता लिहिलेला असतो तो खरा आहे का, हे आजही कोणी सक्तीने तपासत नाही. खोट्या पत्त्यावरून निघालेली पॅकेट उगमापाशीच अडवावीत अशी शिफारस २००० सालच्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली आहे. तरीही २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, तो खोट्या पत्त्यावरून मेमकॅश्ड (माहिती तात्पुरती साठवणाऱ्या) सर्व्हरांना छोटे प्रश्न विचारून आणि त्यांची प्रचंड उत्तरे गिटहबकडे वळवूनच.

दुसरी गोष्ट म्हणजे आयपी पत्ता एकाच वेळी 'कोण' आणि 'कुठे' या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देतो. वाहिनी सुरक्षित केली तरी तिच्यातून आलेला मजकूर खरा असल्याची खात्री त्यामुळे मिळत नाही. २०१० साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने भविष्यातील इंटरनेटसाठी जे प्रकल्प निवडले, त्यांतील नेम्ड डेटा नेटवर्किंगने ही गाठच सोडवली. तेथे यंत्राचा पत्ता मागितला जात नाही, माहितीचे नाव मागितले जाते, आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर तो तयार करणाऱ्याची स्वाक्षरी असते. मग तो तुकडा कोणत्याही मार्गाने आला तरी फरक पडत नाही. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वज असलेले संपूर्ण अर्पानेट जुन्या एनसीपी प्रोटोकॉलवरून आजच्या टीसीपी/आयपीवर एका ठरलेल्या दिवशी गेलेच होते. ठिगळे लावत राहण्यापेक्षा तसा एक दिवस पुन्हा ठरवण्याचे धैर्य हवे, असे मला मनापासून वाटते.

रात्रपाळी

गोदातीर यांनी दोष अचूक दाखवला आहे, परंतु १९८३ चा दाखला येथे लागू पडणार नाही. त्या दिवशी बदलायची यंत्रे काही शे होती, आणि संरक्षण खात्याच्या हाती सर्वांची नाडी होती. आज तसा आदेश देऊ शकेल असे कोणी नाही, आणि नसावेही.

मी गेली चौदा वर्षे मुंबईतील एका नियंत्रण कक्षात काम करतो. माझ्या अनुभवाने सांगतो, की नव्या रचनेचा खरा शत्रू हल्लेखोर नसून मधली पेटी आहे. दोन टोकांच्या मध्ये फायरवॉल, नॅट (अनेक यंत्रांना एका पत्त्यामागे बसवणारी पेटी), वेग नियंत्रित करणारी उपकरणे, मजकूर तपासणारी उपकरणे असे अनेक थर बसलेले असतात. त्यांतील प्रत्येक उपकरण बनवणाऱ्याने त्या दिवशी प्रोटोकॉल जसा दिसत होता तसाच तो कायम राहील असे गृहीत धरलेले असते. अनोळखी काही दिसले की पेटी पॅकेट टाकून देते आणि कोणाला कळवतही नाही. एससीटीपी नावाचा सर्व दृष्टींनी सुबक वाहतूक प्रोटोकॉल २००० साली प्रसिद्ध झाला. घराघरांतील नॅट पेट्यांना तो ओळखता आला नाही, म्हणून खुल्या इंटरनेटवर तो रुजलाच नाही.

टीएलएस १.३ ची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवावी अशी आहे. संकेतस्थळाशी होणारा संवाद कूटबद्ध करणाऱ्या या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती तयार झाली, तेव्हा पहिल्याच संदेशात नवा आवृत्ती क्रमांक लिहिल्यावर कित्येक जोडण्या तुटू लागल्या. प्रोटोकॉलच्या नियमांप्रमाणे जुन्या सर्व्हरने 'मला ही आवृत्ती येत नाही, खालची वापरू' असे म्हणणे अपेक्षित होते. अनेक सर्व्हर आणि पेट्या त्याऐवजी जोडणीच बंद करत होत्या. अखेरीस २०१८ च्या ऑगस्टमध्ये जी आवृत्ती प्रमाण ठरली, तिच्या संदेशात आवृत्तीच्या जागी आजही १.२ असेच लिहिलेले असते, खरी आवृत्ती मागे एका जोडपत्रात असते, आणि संपूर्ण देवघेव जुन्या आवृत्तीतील खंडित संवाद पुन्हा सुरू होत असल्यासारखी दिसेल अशी सजवलेली असते. म्हणजे जगातील सर्वांत महत्त्वाच्या सुरक्षा प्रोटोकॉलला जुन्याचा वेश घेऊन रस्ता ओलांडावा लागला. पुन्हा असे होऊ नये म्हणून ब्राउझर आता मुद्दाम निरर्थक आकडे मधूनमधून पाठवतात, जेणेकरून अनोळखी आकड्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवय समोरच्याला राहील. या युक्तीला ग्रीस, म्हणजे वंगण, असेच नाव आहे.

क्विक या नव्या वाहतूक प्रोटोकॉलने तोच धडा पुढे नेला. २०२१ साली प्रमाण झालेला हा प्रोटोकॉल जुन्या, साध्या यूडीपी प्रोटोकॉलच्या पाकिटात बसून प्रवास करतो आणि स्वतःचे जवळजवळ सगळे शीर्षकही कूटबद्ध करतो. मधल्या पेटीला जे दिसत नाही, त्याबद्दल ती काही गृहीत धरू शकत नाही. याची किंमत आम्ही मोजतो, हेही नमूद करतो. पूर्वी टीसीपीचे क्रमांक पाहून पॅकेट कोठे हरवते आहे हे मी दहा मिनिटांत सांगू शकत असे. क्विकमध्ये हाती फारच थोडे लागते. तरीही हा सौदा योग्य होता असेच मी म्हणेन.

शाईपेन

मी तंत्रज्ञ नाही. सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि हा धागा आवडीने वाचतो आहे. एक शंका आहे. आम्हाला नेहमी सांगण्यात आले, की पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले तर संकेतस्थळ सुरक्षित समजावे. मार्ग चोरून कोणी मला भलत्याच सर्व्हरकडे नेले, तर ते कुलूप दिसणार नाही ना? तसे असेल तर मार्गाच्या सुरक्षेची एवढी काळजी का करावी?

तारांगण

शाईपेन काका, आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे.

बहुतेक वेळा कुलूप आपल्याला वाचवते. २४ एप्रिल २०१८ रोजी ॲमेझॉनच्या नामसेवेचे (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचे) पत्ते चोरून मायईथरवॉलेट या आभासी चलनाच्या संकेतस्थळाचे वापरकर्ते खोट्या सर्व्हरकडे वळवले गेले, तेव्हा ब्राउझरने प्रमाणपत्र विश्वासार्ह नसल्याचा इशारा दिला होता. जे तो इशारा ओलांडून पुढे गेले, त्यांचेच पैसे गेले. परंतु ते प्रमाणपत्र मिळते कसे, हे पाहिले तर चित्र बदलते. प्रमाणपत्र देणारी संस्था बहुधा एवढेच तपासते, की मागणाऱ्याचा त्या नावाच्या सर्व्हरवर ताबा आहे का. ती एक खुणेची फाइल सर्व्हरवर ठेवायला सांगते आणि इंटरनेटवरून ती वाचून पाहते. ज्याने मार्गच चोरला आहे, त्याच्याकडे ही तपासणीही जाऊन पोहोचते. २०२२ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियात असेच घडले. हल्लेखोरांनी मार्ग वळवून अस्सल प्रमाणपत्र मिळवले आणि क्लेस्वॅप या सेवेच्या वापरकर्त्यांना बदललेली फाइल दिली. ब्राउझरमध्ये कुलूप होते, इशारा नव्हता.

यावरचा उपाय मला विलक्षण व्यवहार्य वाटला. प्रमाणपत्र देणारी संस्था आता एकाच ठिकाणाहून तपासणी न करता जगातील अनेक ठिकाणांहून एकाच वेळी करते, कारण चोरलेला मार्ग सहसा सगळ्या ठिकाणांहून चोरलेला दिसत नाही. लेट्स एन्क्रिप्टने हे २०२० साली सुरू केले आणि २०२५ पासून सर्व सार्वजनिक प्रमाणपत्र संस्थांना ते बंधनकारक झाले. कोणत्याही राउटरला हात न लावता हे साधले. मात्र पाया कच्चा असताना वरच्या मजल्यावर टेकू देण्याचाच हा प्रकार आहे, हेही खरे.

दूरदेशी

मी झुरिकमध्ये राहतो आणि कामानिमित्त येथील वित्तीय संस्थांच्या जाळ्यांशी माझा संबंध येतो. कोरी पाटी घेऊन केलेली एक रचना प्रत्यक्ष चालताना पाहिल्यामुळे लिहावेसे वाटले.

या रचनेचे नाव सायन. एड्रियन पेरिग यांच्या गटाने २००९ च्या सुमारास अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात तिची सुरुवात केली आणि पुढे ती झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात वाढली. तिच्यात मार्ग ठरवण्याचा अधिकार मधल्या राउटरांकडून काढून पाठवणाऱ्याला दिलेला आहे. जाळी 'विलगता क्षेत्रां'मध्ये विभागलेली असतात आणि प्रत्येक क्षेत्राची विश्वासाची मुळे त्याची स्वतःची असतात. क्षेत्राच्या गाभ्यातील जाळी खालच्या जाळ्यांकडे नियमितपणे शोधसंदेश पाठवतात; प्रत्येक जाळे त्यावर आपली स्वाक्षरी आणि आपल्या गुप्त किल्लीने काढलेला एक छोटा शिक्का जोडते. पाठवणारा अशा तुकड्यांतून वर जाणारा, गाभ्यातून जाणारा आणि खाली उतरणारा भाग निवडून पूर्ण मार्ग जुळवतो आणि तो पॅकेटच्या शीर्षकातच लिहितो. राउटरला दहा लाख नोंदींचा तक्ता शोधावा लागत नाही. तो फक्त स्वतःचा शिक्का स्वतःच्या किल्लीने पडताळतो आणि पॅकेट पुढे ढकलतो. मूळ लेखातील प्रसंग येथे घडूच शकत नाही, कारण तिसऱ्याच राज्यातील कोणी काही जाहीर केले म्हणून माझे पॅकेट माझ्या शीर्षकातील मार्ग सोडत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये २०२१ च्या नोव्हेंबरपासून स्विस नॅशनल बँक आणि सिक्स या वित्तीय सेवा पुरवणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने बँकांचे आपसातील व्यवहार या रचनेवर सुरू झाले, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जुने जाळे बंद करण्यात आले. स्विसकॉम, सनराइज आणि स्विच हे तीन वाहक होते, त्यामुळे एक कोलमडला तर दुसऱ्या मार्गावर जाण्याची मुभा बँकेच्या हाती राहिली.

आता तारांगण यांची कसोटी लावून पाहा. हे जमले, कारण येथे सदस्यांची संख्या मर्यादित आहे, सर्वांना एक नियामक आहे, आणि मार्ग निवडण्याचे मोल बँकेला पहिल्या दिवसापासून कळते. शिवाय बँकेच्या आतील यंत्रे बदललेलीच नाहीत. दाराशी एक जोडद्वार बसवले आहे, जे साधे आयपी पॅकेट नव्या पाकिटात घालते आणि पलीकडे काढते. अडचणीही सांगायला हव्यात. मार्ग शीर्षकात वाहून न्यायचा म्हणजे प्रत्येक पॅकेटमध्ये उपयोगी मजकुरासाठी जागा कमी उरते. आणि वाहतूक कोठून जाईल हे ठरवण्याचा हक्क सोडणे वाहक कंपन्यांना अवघड जाते, कारण त्यांची सगळी किंमत-रचना त्या हक्कावर उभी आहे. माझ्या मते हा दुसरा मुद्दा तांत्रिक अडचणींपेक्षा मोठा आहे.

गोदातीर

दूरदेशी, हे वाचून माझे मत थोडे बदलले. एका दिवसात सर्वांनी उडी घेण्याऐवजी अशी बेटे आधी उभी राहावीत आणि मग ती जोडली जावीत, हा मार्ग मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. आपल्याकडे विजेच्या पारेषणाचे नियंत्रण किंवा बँकांचे आपसातील व्यवहार ही अशा बेटांची योग्य ठिकाणे वाटतात. सदस्य मोजके आणि नियामक एक, या दोन्ही अटी तेथे पूर्ण होतात.

रात्रपाळी

बेटे उभी राहोत, पण तारांगण यांच्या गावातील ग्राहक तोवर बीजीपीवरच आहे. म्हणून बीजीपीच्या दुरुस्तीचे काय झाले, हे सविस्तर लिहितो.

पहिली पायरी आरपीकेआय. पत्त्यांचा धनी आपल्या नोंदणी संस्थेमार्फत एक स्वाक्षरीयुक्त दाखला तयार करतो: 'हा गट अमुक क्रमांकाच्या जाळ्यानेच जाहीर करावा आणि तुकडे जास्तीत जास्त एवढ्या लांबीचे असावेत.' त्याला आरओए म्हणतात. इतर जाळी हे दाखले उतरवून घेतात, पडताळतात, आणि विसंगत दावे टाकून देतात. प्रादेशिक नोंदणी संस्थांनी २०११ पासून ही सेवा सुरू केली. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक तक्त्यातील आयपीव्ही४ (जुन्या, अजूनही प्रचलित पत्तापद्धतीच्या) मार्गांपैकी निम्म्याहून अधिक मार्गांना दाखले झाले. आकडेचुकीमुळे होणारे अपघात याने बऱ्यापैकी थांबतात.

परंतु दाखला फक्त उगमाचा आहे. हल्लेखोराने मार्गाच्या शेवटी खऱ्या धन्याचा क्रमांक लिहिला आणि 'मी त्याचा शेजारी आहे' असे खोटे सांगितले, तर उगम बरोबरच दिसतो. दाखल्यात कमाल लांबी ढिली ठेवली, म्हणजे /२२ जाहीर करत असताना /२४ पर्यंत मुभा दिली, तर या खोटेपणाला लहान गटाचेही बळ मिळते. 'उद्या गरज पडेल' म्हणून अशी मुभा ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. कृपया ठेवू नका.

संपूर्ण मार्गावर स्वाक्षऱ्या घेणारे बीजीपीसेक २०१७ साली प्रमाण झाले. त्यात प्रत्येक जाळे पुढच्या जाळ्याचे नाव घालून स्वाक्षरी करते. मध्ये एकाने जरी ते स्वीकारले नसेल, तरी साखळी तुटते आणि सगळे जुन्या पद्धतीवर येते. त्यात राउटरच्या मर्यादा आहेत. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक तक्ता ५ लाख १२ हजार नोंदींपलीकडे गेला, तेव्हा जुन्या राउटरांची स्मृती अपुरी पडून ठिकठिकाणी सेवा कोसळली होती. आज तक्ता सुमारे दहा लाखांचा आहे. अशा उपकरणांवर दर मार्गामागे अनेक स्वाक्षऱ्यांचा भार टाकण्यास कोणी तयार झाले नाही. म्हणून आता आशा एएस्पावर आहे. त्यात जाळ्याने एवढेच जाहीर करायचे असते, की 'माझे वरचे पुरवठादार हे आहेत.' एका ग्राहकामार्फत एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे मार्ग गळला, तर तो या यादीशी जुळत नाही आणि उघडा पडतो. मधल्या सगळ्यांनी सहभागी होण्याची गरज नाही, हे तिचे मोठे बळ.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ३ जानेवारी २०२४ रोजी स्पेनमधील ऑरेंजच्या नोंदणी खात्यात कोणीतरी चोरलेल्या परवलीच्या शब्दाने शिरले, चुकीचे दाखले तयार केले, आणि ज्या जाळ्यांनी तपासणी सुरू केली होती, त्यांनी ऑरेंजचे खरे मार्ग प्रामाणिकपणे टाकून दिले. खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणीच नव्हती. विश्वास आपण राउटरमधून काढून नोंदणीच्या खात्यात ठेवला आहे, हे ध्यानात ठेवून त्या खात्याची राखण करावी लागेल.

मुळाक्षर

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात कूटशास्त्र शिकवते. रात्रपाळी यांच्या विवेचनाला एक जोड देते, कारण पुढील दहा वर्षांत हाच प्रश्न सर्वांत टोकदार होणार आहे, असे मला वाटते.

क्वांटम संगणकाला तोंड देणारी नवी कूटपद्धती ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण केली. तिचे गणित विश्वासार्ह आहे. अडचण आकारमानाची आहे. आज प्रचलित असलेली पी-२५६ वक्रावरील स्वाक्षरी ६४ बाइटांची असते, तर एमएल-डीएसए या नव्या स्वाक्षरी पद्धतीची सर्वांत लहान स्वाक्षरी २,४२० बाइटांची. बीजीपीचा संदेश मुळात ४,०९६ बाइटांपुरता मर्यादित होता. २०१९ साली ती मर्यादा वाढवण्याची मुभा मिळाली, पण मूळ मर्यादेत अशा दोन स्वाक्षऱ्याही मावत नाहीत. मार्गात चार-पाच जाळी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. नामसेवेची स्थिती याहून नाजूक आहे. पॅकेटचे तुकडे होऊन हरवू नयेत म्हणून डीएनएसची उत्तरे यूडीपीवर १,२३२ बाइटांच्या आत ठेवण्याचा संकेत २०२० पासून रूढ आहे. एकच नवी स्वाक्षरी त्याच्या दुपटीला टेकते.

नामसेवेच्या उत्तरांवर स्वाक्षरी करणाऱ्या डीएनएससेकमध्ये साधी किल्ली बदलणेही किती अवघड असते, हे आपण पाहिले आहे. नामसेवेच्या सर्वांत वरच्या, म्हणजे मूळ विभागावर २०१० साली स्वाक्षरी झाली; तिची मुख्य किल्ली बदलण्याचा दिवस ११ ऑक्टोबर २०१७ असा ठरला होता, पण अनेक सर्व्हरांकडे अजून जुनीच किल्ली असल्याचे दिसल्याने तो बरोबर एक वर्ष पुढे ढकलावा लागला. ती तर केवळ किल्ली होती. पद्धत तीच राहिली होती.

या पार्श्वभूमीवर आरपीकेआयच्या रचनेतील शहाणपण मला जाणवते. तिच्या स्वाक्षऱ्या मार्गाच्या संदेशांतून प्रवास करत नाहीत. त्या भांडारात असतात, एक वेगळा सर्व्हर त्या सवडीने उतरवून पडताळतो आणि राउटरला फक्त निष्कर्षांची यादी देतो. स्वाक्षरी कित्येक पट मोठी झाली, तरी उतरवायला वेळ लागेल एवढेच; राउटरला कळणारही नाही. नवी रचना करणाऱ्यांनी पडताळणी आणि वहन यांची अशी फारकत पहिल्या दिवसापासून करावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

तारांगण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुळाक्षर यांच्या फारकतीच्या मुद्द्याने माझ्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले.

उरलेल्या अर्ध्याबद्दल आमच्याच कंपनीतील एक अनुभव सांगतो. आयपीव्ही६ या नव्या, मोठ्या पत्तापद्धतीचा पहिला मसुदा १९९५ सालचा, आणि सुरक्षेसाठी त्यात आयपीसेक (पॅकेट कूटबद्ध करणारी पद्धत) अनिवार्य होते. २०११ साली ती अट सैल करण्यात आली, कारण कागदावर अनिवार्य असूनही ती पाळली जात नव्हती. आमच्याकडे आयपीव्ही६ आले ते सुरक्षेपोटी नव्हे. पत्ते अपुरे असल्याने आम्ही शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवत होतो, आणि कोणत्या क्षणी कोणत्या ग्राहकाला कोणता पोर्ट दिला याच्या नोंदी नियमांप्रमाणे जपून ठेवाव्या लागत होत्या. त्या नोंदींसाठी लागणाऱ्या साठवणुकीचा खर्च मालकांना दाखवला आणि दुसऱ्याच महिन्यात मंजुरी मिळाली. आता आमची बरीच वाहतूक नव्या पत्त्यांवरून जाते आणि नोंदींचा ढीग तेवढा घटला आहे.

मार्गांच्या बाबतीत मी या आठवड्यात पुढील कामे केली. आमच्या चारही गटांचे आरओए भारतातील नोंदणी संस्था आयआरआयएनएनच्या खात्यातून तयार केले आणि रात्रपाळी यांच्या सूचनेप्रमाणे कमाल लांबी आम्ही प्रत्यक्ष जाहीर करतो तेवढीच ठेवली. त्या खात्याला एकाच कर्मचाऱ्याचा जुना परवलीचा शब्द होता. तो बदलून खाते दोघांच्या जबाबदारीवर दिले. पडताळणीचा सर्व्हर जुन्या यंत्रावर उभा केला आणि पहिले काही दिवस विसंगत मार्ग टाकून न देता फक्त नोंदवून ठेवले. त्या नोंदींत आमच्याच एका ग्राहकाचा, जिल्ह्यातील एका महाविद्यालयाचा, मार्ग विसंगत निघाला. त्यांनी पुरवठादार बदलला होता, पण दाखल्यावर जुन्याच पुरवठादाराच्या जाळ्याचा क्रमांक राहिला होता. त्यांच्या संगणक विभागाशी बोलणे झाले आहे. त्यांचा दाखला दुरुस्त झाला, की येत्या रविवारी पहाटे दोन वाजता विसंगत मार्ग टाकून देणे सुरू करणार आहे. आमच्या दोन वरच्या पुरवठादारांपैकी एकाने आमच्याकडून येणारे दावे गाळून घेण्याचे लेखी मान्य केले आहे. दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही.

रात्रपाळी, एक विचारायचे राहिले. भांडार जर त्याच मार्गांवरून उतरवावे लागत असेल, तर ते मार्गच तुटल्यावर पडताळणीचा सर्व्हर किती काळ जुन्या दाखल्यांवर चालू ठेवावा? आपण आपल्या कक्षात काय मर्यादा ठेवली आहे?

रात्रपाळी

आमच्याकडे किमान दोन पडताळणी सर्व्हर असतात, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे आणि वेगवेगळ्या इमारतींत. भांडाराशी संपर्क तुटला, तर दाखल्यांची स्वतःची मुदत संपेपर्यंत जुनी प्रत वापरतो. मुदत संपली की तो मार्ग 'विसंगत' ठरत नाही, 'दाखला नाही' असा ठरतो, आणि तसे मार्ग आपण टाकून देत नाही. त्यामुळे सेवा चालू राहते, फक्त संरक्षण तात्पुरते जाते. रविवारी पहाटे मी जागाच असेन. सुरू करण्यापूर्वी राउटरच्या सध्याच्या मांडणीची प्रत बाहेर काढून ठेवा, आणि विसंगत मार्गांची शेवटची यादी येथे टाकलीत तर मीही नजर टाकतो.